पांढरा, पण कुठला?

“काका, ऑफ-व्हाइट द्या.”

रंगाच्या दुकानात हे वाक्य मी ज्या आत्मविश्वासाने म्हटलं, तेवढा आत्मविश्वास मी व्हायव्हालासुद्धा कधी दाखवलेला नाही. काकांनी शांतपणे शेडकार्ड काढलं, पत्त्यांसारखं पसरलं आणि विचारलं, “कुठला?” समोर तीस-चाळीस पांढरे! प्रत्येकाला एक गोड इंग्रजी नाव. मी बराच वेळ बघितलं, एका चौकोनावर बोट ठेवलं आणि पुढच्या सहा महिन्यांचं दुखणं विकत घेतलं.

झालं असं, की आजोबा गेल्यानंतर आजी गावचं घर बंद करून कायमची पुण्याला आमच्याकडे राहायला येणार होती. तिच्यासाठी मागची खोली रिकामी करायची होती. म्हणजे माझीच, निळ्या भिंतींची. बाबा म्हणाले, “तू सिव्हिलची ना? मग रंगाचं तूच बघ.” मी आजीला फोन केला. ती म्हणाली, “पांढराच दे गं. पण दवाखान्यासारखा नको. आपल्या माजघरासारखा दे, चुन्यात चिमूटभर पिवडी घातल्यासारखा.”

आता पिवडी म्हणजे काय, हे मला कुठे माहीत? कॉन्व्हेंटमध्ये शिकल्याचे असे तोटे असतात. पण विचारायची लाज वाटली. मी मनातल्या मनात भाषांतर केलं : पिवळट पांढरा, म्हणजे क्रीम, म्हणजे ऑफ-व्हाइट. विषय संपला!

विषय संपला नव्हता. मे महिन्यात रंग लागला, जूनमध्ये आजी आली, भिंतींकडे बघून “छान आहे हो” म्हणाली आणि मी हॉस्टेलवर परतले. गणपतीला घरी गेले तर आजी हॉलमधल्या दिवाणावर झोपत होती. कारण काय, तर “इथे वारा चांगला लागतो.” मी दुपारी तिच्या खोलीत जाऊन बसले. भिंती पांढऱ्या नव्हत्याच. पिवळट, आणि त्या पिवळ्यात एक हिरवट झाक. आरशात माझाच चेहरा आजारी दिसत होता. खूप खोदून विचारल्यावर आजी म्हणाली, “काविळीच्या वॉर्डात बसल्यासारखं वाटतं गं. पण तू एवढ्या हौसेनं केलंस...”

दोस्तांनो, एखाद्या सब्जेक्टमध्ये केटी लागणं परवडलं! त्या दिवसापासून दिवाळीपर्यंत मी जे वाचलं, विचारलं आणि करून पाहिलं, ते इथे मांडते आहे. आज ना उद्या तुम्हालाही घर रंगवायचं आहेच.

ऑफ-व्हाइट म्हणजे नक्की काय?

आजच्या पांढऱ्या रंगाचा जीव म्हणजे टिटॅनियम डायऑक्साइड. त्याच्या रुटाइल या रूपाचा अपवर्तनांक साधारण २.७ आहे आणि रंगातल्या रेझिनचा साधारण १.५. या मोठ्या फरकामुळे रंगाच्या पातळ थरातही प्रकाश सगळीकडे विखुरतो आणि खालची भिंत झाकली जाते. गंमत म्हणजे हा पांढराशुभ्र पदार्थ ज्या इल्मेनाइटपासून बनवतात ते खनिज काळं असतं. केरळच्या किनाऱ्यावर ते भरपूर आहे आणि आपल्या रत्नागिरीच्या किनाऱ्यावरच्या काळ्या वाळूतही आहे.

चुन्याचं गणित वेगळं. चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन कॅल्शियम कार्बोनेट होतो. त्याचा अपवर्तनांक फक्त १.६ च्या आसपास, म्हणून ओला असताना चुन्याचा हात जवळजवळ दिसतच नाही. वाळला, कणांमध्ये हवा शिरली, की पांढरा दिसायला लागतो.

या पांढऱ्या बेसमध्ये दुकानातलं मशीन एका लिटरला काही थेंबांपासून काही मिलिलिटरपर्यंत रंगद्रव्य सोडतं. उबदार ऑफ-व्हाइटसाठी बहुतेक वेळा यलो ऑक्साइड, कधी थोडं रेड ऑक्साइड, आणि भडकपणा मारायला किंचित काळा. आणि आता ऐका : पिवडी म्हणजे पिवळ्या मातीची भुकटी, आणि तिचा पिवळेपणा येतो लोहाच्या ऑक्साइडमधूनच! हे मला आमच्या पेंटरकाकांनी सांगितलं. म्हणजे आजीने मला रंगाचं नाव नव्हे, चक्क मिक्स डिझाइन सांगितलं होतं. मीच ते ऐकलं नाही.

रंग आकड्यात मांडायची एक पद्धत १९७६ साली सीआयई या आंतरराष्ट्रीय संस्थेने ठरवली. तिच्यात तीन अक्ष असतात. ‘एल’ म्हणजे उजळपणा, ० काळा ते १०० पांढरा. ‘ए’ म्हणजे हिरवा-लाल आणि ‘बी’ म्हणजे निळा-पिवळा. उबदार ऑफ-व्हाइटचा एल नव्वदीच्या आसपास असतो आणि बी थोडा पिवळ्याकडे. आपण सगळे एवढंच बघतो. खरी मेख ‘ए’मध्ये आहे. तो किंचित उणे असला तर पिवळा लिंबाकडे, म्हणजे हिरवटाकडे झुकतो. किंचित अधिक असला तर सायीकडे, बदामाकडे, पीचकडे झुकतो. यालाच अंडरटोन म्हणतात. एकट्या चौकोनात तो दिसत नाही. चार ऑफ-व्हाइट शेजारी शेजारी ठेवले की लगेच कळतं, हा गुलाबी, हा हिरवट, हा राखाडी.

माझा चौकोन लिंबाकडे झुकलेला होता. तरीही दुकानात तो मला सुंदर दिसला. का?

चूक पहिली : दुकानातला उजेड

दुकानात पांढऱ्याफेक एलईडी ट्यूब होत्या, ‘कूल डे लाइट’, ६५०० केल्व्हिनच्या. जुना पिवळा बल्ब साधारण २७०० केल्व्हिनचा. एलईडी घेताना खोक्यावर हा आकडा बघा : २७०० ते ३००० म्हणजे वॉर्म, ४००० मधला, ६५०० निळसर पांढरा. आकडा वाढला की उजेड थंड होतो, हे आपल्या रोजच्या ‘गरम-थंड’च्या बरोबर उलटं आहे.

भिंत स्वतः काही उजेड देत नाही, मिळालेला परत करते. निळसर उजेडात पिवळट रंग दबून जवळजवळ पांढरा दिसतो. तोच रंग पिवळ्या बल्बखाली लोण्यासारखा होतो. मी दुकानात निळसर ट्यूबखाली रंग निवडला. आजीच्या खोलीत मात्र रात्री पिवळा दिवा लागतो, कारण ट्यूब तिच्या डोळ्यांना खुपते. आणखी एक भानगड म्हणजे मेटामेरिझम. वेगवेगळी रंगद्रव्यं वापरून केलेले दोन रंग एका उजेडात अगदी सारखे आणि दुसऱ्यात वेगळे दिसू शकतात. पडदा आणि भिंत दुकानात जुळले आणि घरी भांडले, असं होतं त्यामागे बहुतेक वेळा हेच कारण असतं.

चूक दुसरी : खिडकीबाहेर काय आहे?

आजीच्या खोलीची एकुलती एक खिडकी उत्तरेला. आपल्याकडे उत्तरेच्या खिडकीतून वर्षातला बराच काळ थेट ऊन येत नाही, आकाशाचा विखुरलेला उजेड येतो आणि तो निळसर असतो. पण पुणे साधारण साडेअठरा अंश अक्षांशावर, म्हणजे कर्कवृत्ताच्या दक्षिणेला आहे. त्यामुळे मेच्या मध्यापासून जुलैच्या अखेरपर्यंत दुपारचा सूर्यसुद्धा माथ्याच्या जरा उत्तरेला असतो, आणि उन्हाळ्यातल्या संध्याकाळी वायव्येकडून तिरपं ऊन आत येतं. मी रंग लावून घेतला तो नेमका मे महिन्यात! सोनेरी उन्हात मी म्हटलं, वा, काय उबदार दिसतोय.

पावसाळा आला, ऊन गेलं, आणि खिडकीबाहेरचं आंब्याचं झाड हिरवंगार झालं. पानांवरून परतलेला उजेड हिरवट असतो. खाली कोटा फरशी, तीही हिरवट-राखाडी. आणि भिंतीत मी स्वतःच्या पैशाने आणलेली हिरवट झाक. तीन हिरवे एकत्र आले आणि काविळीचा वॉर्ड तयार झाला.

यातूनच साधा नियम निघतो. खोलीत ज्या रंगाचा उजेड जास्त, त्याच्या विरुद्ध बाजूला किंचित झुकणारा ऑफ-व्हाइट घ्या. उत्तरेची किंवा झाडाआडची खोली असेल तर पिवळ्याबरोबर लालसर झाक असलेला. पश्चिमेची, दुपारनंतर उन्हाने तापणारी खोली असेल तर जरा राखाडीकडे जाणारा, नाहीतर संध्याकाळी भिंती आंबरसासारख्या दिसतील.

चूक तिसरी : टपाल तिकिटाएवढा नमुना

“कार्डावर तर फिकट होता, भिंतीवर गडद कसा झाला?” हा प्रश्न पेंटरला सगळे विचारतात. बऱ्याचदा यात पेंटरचा दोष नसतो, भौतिकशास्त्राचा असतो.

कार्डावर उजेड एकदा आपटतो आणि डोळ्यात येतो. खोलीत तो एका भिंतीवरून दुसऱ्या भिंतीवर, तिथून तिसरीवर असा फिरतो. समजा आपला रंग लाल उजेडाचा ८५ टक्के भाग परत करतो आणि निळ्याचा ७० टक्के. एका टप्प्यानंतर निळ्याचं लालशी प्रमाण ०.८२ राहतं. दुसऱ्यानंतर ०.६८, तिसऱ्यानंतर ०.५६. म्हणजे प्रत्येक टप्प्याला निळा गळत जातो आणि पिवळेपणा साचत जातो. म्हणून चार भिंतींना एकच रंग द्यायचा असेल तर कार्डावर आवडलेल्या छटेपेक्षा एक पायरी फिकी घ्यावी.

चूक चौथी : कशाच्या शेजारी?

शेडकार्ड घरी आणून मी ते जुन्या निळ्या भिंतीवर धरलं होतं. निळ्याच्या शेजारी कुठलाही पिवळट रंग जास्तच पिवळा आणि छान उबदार दिसतो. फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ शेव्रल पॅरिसच्या गोबलँ कारखान्यात रंगाईचे प्रमुख होते. तिथे सूत फिकं दिसतं अशा तक्रारी येत. त्यांनी शोधलं तेव्हा कळलं की दोष रंगात नसून शेजारच्या धाग्यात आहे. १८३९ साली त्यांनी यावर आख्खा ग्रंथ लिहिला. मी तो निळी भिंत रंगवून झाल्यावर ऐकला!

मग पांढऱ्या कागदावर धरायचं का? तिथेही फसगत आहे. आपल्या असाइनमेंटच्या ए-फोर कागदात ऑप्टिकल ब्राइटनर असतो. तो अतिनील किरण शोषून निळा उजेड देतो, म्हणून कागद झगझगीत दिसतो. त्याच्या शेजारी चांगला ऑफ-व्हाइटसुद्धा मळका वाटतो. कपड्यांना नीळ देतात त्यामागचं तत्त्व मिळतंजुळतं आहे, पिवळेपणा निळ्याने मारायचा. पूर्वी चुन्यातही नीळ टाकायचे. म्हणजे नीळ टाकली की थंड पांढरा, पिवडी टाकली की उबदार. आजीच्या पिढीला हे सगळं शेडकार्डाशिवाय ठाऊक होतं.

आणि बघतंय कोण?

ही चूक सगळ्यात मोठी, म्हणून तिला नंबर देत नाही. खोली आजीची होती आणि रंग बघत होते मी.

वयानुसार डोळ्यातलं भिंग पिवळसर होत जातं. मोतीबिंदूत तर जास्तच. असं भिंग निळा उजेड अडवतं. ऑपरेशन करून स्वच्छ कृत्रिम भिंग बसवलं की एकदम सगळं निळसर, लखलखीत दिसायला लागतं. चित्रकार क्लोद मोने यांच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन १९२३ साली झालं, त्यानंतर त्यांनाही रंग निळसर दिसू लागल्याची नोंद आहे. आजीच्या उजव्या डोळ्याचं ऑपरेशन झालंय, डाव्याचं व्हायचंय. मी तिला एकेक डोळा झाकून भिंत बघायला सांगितली. ती हसायला लागली. “अगं, या डोळ्यानं हिरवट, त्या डोळ्यानं पिवळी. दोन घरं झाली की माझी!”

आम्ही दोघी एकाच खोलीत बसून एकच भिंत बघत नव्हतो, हे मला तेव्हा कळलं.

दुसरा अटेम्प्ट

दिवाळीच्या सुट्टीत मी आणि बाबांनी खोली स्वतः रंगवली. मजुरीचे पैसे दुसऱ्यांदा मागायचं तोंड मला नव्हतं. पेंटरकाकांनी मात्र फुकट सल्ला दिला, मोठेपणा त्यांचा. आम्ही काय केलं ते क्रमाने देते :

१. कार्डावरून फक्त तीन छटा निवडल्या. त्याहून जास्त घेतल्या की डोकं चालत नाही. तिन्ही लालसर पिवळ्याकडे झुकणाऱ्या होत्या.

२. प्रत्येकीचा सर्वात लहान डबा आणून दोन बाय दोन फुटांच्या पांढऱ्या पुठ्ठ्यावर दोन हात मारले. भिंतीवर थेट पट्टे ओढले नाहीत, कारण मागचा जुना रंग डोळ्याला फसवतो. पुठ्ठा हलवताही येतो. कडेने थोडी पांढरी जागा सोडली. पूर्ण वाळेपर्यंत थांबलो, कारण ओला इमल्शन आणि वाळलेला इमल्शन यांच्या छटेत फरक असतो.

३. पुठ्ठे खिडकीसमोरच्या भिंतीवर, खिडकीच्याच भिंतीवर आणि कोपऱ्यात असे फिरवले. उभेच ठेवले, कारण जमिनीवर आडव्या ठेवलेल्या पुठ्ठ्यावर उजेड वेगळा पडतो.

४. सकाळी आठ, दुपारी एक, संध्याकाळी सहा आणि रात्री दिवा लावून, असं दोन दिवस पाहिलं. त्यातही सकाळच्या आणि रात्रीच्या मताला वजन जास्त, कारण आजी खोलीत त्या वेळी असते. पोथी वाचते ती सकाळी.

५. निवड आजीने केली. दोन्ही डोळे उघडे ठेवून, आधी पलंगावर बसून आणि मग आडवी होऊन. भिंत आपण उभं राहून निवडतो आणि आयुष्यभर पलंगावरून बघतो!

तिने मधला पुठ्ठा निवडला. दुपारी मला तो चक्क गुलाबीसर वाटत होता आणि मी विरोधही केला. पण झाडाच्या हिरव्या उजेडाने तो गुलाबीपणा बरोबर खाऊन टाकला आणि उरली नुसती साय.

हिशोब असा. खोली १० बाय १२, उंची १० फूट. चार भिंती मिळून ४४० चौरस फूट, दार-खिडकी वजा केली की अंदाजे ४००. इमल्शनचा एक लिटर दोन हातांना साधारण १२० ते १४० चौरस फूट पुरतो, म्हणून ४ लिटरचा डबा घेतला. उरलेला डाग बुजवायला ठेवला. जास्त डबे लागले तर सगळे एकदम घ्या आणि मोठ्या बादलीत एकत्र ढवळून मगच लावा. दोन डब्यांमधला एवढासा फरक भिंतीच्या मधोमध उठून दिसतो.

फिनिश मॅट घेतला. चमक असली की उजेड थेट परावर्तित होतो आणि भिंतीवरचे सगळे उंचवटे दिसतात. आमची लांबी घासण्याची कला बघता मॅट हाच सुज्ञ निर्णय होता. छताला साधा पांढरा दिला. दाराच्या चौकटीला मात्र मुद्दाम गडद तपकिरी ऑइल पेंट दिला. त्याची कारणं दोन. पांढरा ऑइल पेंट काही वर्षांत आपोआप पिवळा पडतो, अंधाऱ्या जागी जास्तच. आणि आजीला रात्री उठल्यावर पांढऱ्या भिंतीत पांढरी चौकट सापडत नव्हती. याच कारणासाठी स्विचबोर्डाभोवतीही एक तपकिरी पट्टी ओढली. दिवा ३००० केल्व्हिनचा लावला.

शेवटी

हॉस्टेलवाल्यांसाठी एक सोपा प्रयोग. आज रात्री खोलीची ट्यूब बंद करून टेबल लॅम्पच्या पिवळ्या उजेडात भिंत बघा, मग उद्या सकाळी खिडकी उघडून परत बघा. शेजारच्या विंगमधल्या त्याच डब्यातल्या रंगाची खोलीही बघून या. कुठल्या भिंतीला तुम्ही ‘खरी’ म्हणाल? आणि सुट्टीत हॉस्टेलला रंग काढणाऱ्या आदरणीय मंडळींना नम्र विनंती, की डब्याची ऑर्डर देण्याआधी एक पुठ्ठा रंगवून कॉरिडॉरच्या टोकाच्या अंधाऱ्या खोलीत ठेवून पाहावा. खर्च एका लहान डब्याचा.

लक्ष्मीपूजनाच्या रात्री आजीने खोलीतल्या खिडकीत पणती ठेवली. भिंती पणतीच्या उजेडात ज्वारीच्या ताज्या भाकरीसारख्या दिसत होत्या. आजी बराच वेळ बघत राहिली, मग म्हणाली, “माजघरासारखं नाही झालं हो.” माझा चेहरा पडला. ती पुढे म्हणाली, “तिथं धूर होता, तुझे आजोबा होते. ते कुठून आणणार? पण बरं वाटतंय इथं.”

त्या रात्री तिने हॉलमधली उशी उचलली आणि आपल्या खोलीत नेऊन ठेवली. वारा तिथेही चांगला लागतो म्हणे!